बारा गावांचा पाऊस

१

छत्तीस सामने खेळले गेले होते, आणि फाईल म्हणत होती की ते पावसामुळे झालेच नाहीत.

अमेरिकेहून आलेलं पत्र विनेशने उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. नागावातल्या त्याच्या होमस्टेच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस होतं. चार टेबलं, एक फ्रिज, खिडकीला टेकलेले नारळाचे शेंडे. पत्र संपलं तेव्हा खाली पाहुण्यांची मुलं नळाखाली पाय धुताना ओरडत होती, तेवढाच आवाज राहिला.

अमेरिकेतल्या लहान लहान गावांचे बेसबॉलचे क्लब एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत खेळतात. कुठला सामना कधी, कुठे, कुणाशी, तो झाला की पुढे ढकलला, हे शंभरावर क्लबांच्या वेबसाइटींवरून रोज गोळा करायचं, एका साच्यात बसवायचं आणि तिकडच्या कंपनीला पाठवायचं, हा विनेशचा धंदा. गोळा करणारा, पायथन या संगणकी भाषेतला कोड स्वराजने लिहिलेला. आलेला माल नीट लावणारा कोड जागृतीचा. एकच सामना दोन्ही क्लबांच्या पानांवर असतो, तो एकदाच धरायचा. तारखा एकसारख्या करायच्या. शेवटी एका रकान्यात नोंद तपासणाऱ्याचं नाव.

घोळ होता तो ओहायो राज्यातल्या बारा गावांचा. ही गावं फक्त आपसातच खेळत, त्यामुळे बाहेरच्या कुठल्याही क्लबाच्या पानाशी त्यांचे सामने ताडून बघता येत नव्हते. त्यांचे अडतीस सामने फाईलमध्ये ‘पावसामुळे पुढे ढकलला’ असे होते. कंपनीने क्लबांना विचारलं, तर त्यातले छत्तीस ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी खेळले गेलेले. शिवाय जे खरोखर पुढे ढकलले गेले होते ते भलतेच सामने होते, आणि फाईल म्हणत होती की ते झाले.

आणि अडतीसही नोंदींपुढे तपासणाऱ्याचं नाव एकच. निदा.

विनेशने टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. ‘मी न तपासता खोट्या नोंदी भरल्या, याची संपूर्ण जबाबदारी माझी.’ खाली सहीसाठी रेघ.

“सही कर निदा. मी वाईट बोलनार न्हाय कुनाकडं. पन कंपनीला एक नाव पायजे.”

निदा चोवीस वर्षांची. जन्म श्रीवर्धनचा, पण वडील मस्कतला असल्यामुळे बारावीपर्यंत तिकडेच वाढलेली. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि उलटा करून ठेवला.

“मी हे केलं नाही, विनेशदादा. सही करणार नाही.”

“मग कुनी केलं? तुझं नाव आपोआप आलं?”

“ते तुम्ही शोधा. ज्याचं ऑफिस त्याने शोधायचं.”

स्वराज खुर्चीत मागे रेलला. “अरे यार, चूक होते माणसाकडून. सही कर, विषय संपव.”

“विषय संपतो तुमचा,” निदा म्हणाली. “या कागदानंतर मला आकड्यांच्या कामाला कोण उभं करील?”

कोपऱ्यातल्या टेबलावरून जागृती उठली. रेवसकडच्या मिठागरवाल्या घरातली ही बाई, भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेली, ऑफिसात दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर खूप.

“मला उद्या चारपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली. “फाईल शेवटी माझ्या कोडातून जाते. खोटं गेलं असेल तर ते माझ्याही हातून गेलं.”

“आनि उद्या चारला काय न्हाय निघालं तर?”

“तर त्या कागदावर दोन सह्या लागतील. एक तिची, एक माझी. आणि माझी मिळणार नाही.”

२

ती निदाला घेऊन मागच्या जिन्यात बसली.

“बारा गावं तुझ्याकडे कधी आली?”

“आलीच नाहीत, ताई. माझ्याकडे दुसरे चाळीस क्लब आहेत. मी मार्चमध्येच सांगितलं होतं की ही बारा गावं वेळापत्रकाचं पोस्टर बनवतात आणि त्याचा फोटो टाकतात. चित्र आहे ते, कोडाला वाचता येणार नाही. मी हाताने भरते म्हटलं.”

“मग?”

“स्वराजदादा म्हणाले, ‘माझा कोड चित्रसुद्धा वाचतो, तू नको काळजी करूस.’ विनेशदादांनी तर कंपनीलाही तसं कळवलं. तपासणाऱ्याचा रकाना रिकामा चालत नाही, म्हणून स्वराजदादांनी नाव माझं लावलं. ‘नुसतं नाव आहे,’ म्हणाले.”

“आणि तुझा पासवर्ड?”

निदा हसली. त्या हसण्यात राग होता. “सगळ्यांचे पासवर्ड त्यांनीच बनवले. विनेशदादांकडे यादी आहे. क्रांतीवहिनी सकाळी सगळे लॅपटॉप उघडून ठेवतात, त्यांना पाठ आहेत. ताई, तुम्हालाही माहीत असेल.”

जागृतीला माहीत होता. तिने मान डोलावली. म्हणजे नावावरून काहीच ठरत नव्हतं. नोंद कुठून केली हेही फाईल ठेवत नव्हती. फाईल जड होते म्हणून ती सोय पूर्वीच बंद केलेली.

“एक सांग. तू खरंच नाही केलंस?”

“कसम खाऊ का?”

“नको. नुसतं सांग.”

“नाही केलं.”

टेबलाशी परत येऊन जागृतीने अडतीस ओळी वेगळ्या काढल्या. एकीतही अक्षराची चूक नव्हती, एकही तारीख सुटलेली नव्हती. सामने खरोखरच बघून नोंदी करणाऱ्याच्या हातून एवढी सफाई होत नाही, हे तिला वर्षानुवर्षांच्या कामाने शिकवलं होतं. तिने महिन्यांची मोजणी मांडली. एप्रिल शून्य. मे शून्य. जून नऊ. जुलै चौदा. ऑगस्ट अकरा. सप्टेंबर चार. पहिली नोंद आठ जूनची.

क्रांतीवहिनी चहा घेऊन आली. ऑफिसची चावी तिच्याकडे. सकाळी उघडणं, चहा आणि उरलेल्या वेळात आकडे टाइप करणं हे तिचं काम. कप ठेवता ठेवता तिने पडद्यावर नजर टाकली.

“हे काय गो, तिकडला पाऊस?”

“हो.”

“आठ जून!” क्रांतीवहिनी हसली. “अमेरिकेत पन मिरगातच लागतो का गो पाऊस?”

जागृतीचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

३

ज्या शंभर क्लबांची पानं कोड स्वतः वाचत होता, त्यांची मोजणी काढायला तिला दोन मिनिटं लागली. पुढे ढकललेले सर्वांत जास्त सामने एप्रिलमध्ये. त्याखालोखाल मे. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे. सगळा देश एका तऱ्हेने वागत होता, आणि मधली बारा गावं मृगावर पेरणी करत होती.

म्हणजे पाऊस ओहायोतला नव्हता. तो इथून कुणाच्या तरी डोक्यातून पडला होता.

विनेशला हे दाखवलं तेव्हा त्याने दोन्ही मोजण्या बोटाने ताडून पाहिल्या. मग म्हणाला, “बरं. पन निदा पाच वर्सं हितं हाय. पाऊस तिला ठावं न्हाय व्हय?”

“ठाऊक आहे,” जागृतीने कबूल केलं. “यावरून ती सुटत नाही. फक्त तुम्ही, मी, स्वराज आणि क्रांतीवहिनी तिच्यासोबत येऊन उभे राहतो.”

“मला पन धरतेस?”

“तुमच्याकडे यादी आहे.”

विनेशला राग आला, पण नाही म्हणता येईना.

ती क्रांतीवहिनीकडे गेली. वहिनी फ्रिज पुसत होती.

“वहिनी, तुम्हाला विचारायचं आहे.”

“माझी तपासनी?” तिने फडकं खांद्यावर टाकलं. “विचार. मला अजून कुनी एवढं महत्त्व दिलं न्हाय.”

“बारा गावांच्या नोंदी तुम्ही भरल्या?”

“मी दिलेला कागद टाईप करते. कागद न्हाय दिला तर चहा करते. डोक्यातनं लिव्हायला मला टाईम कुठाय?”

“निदा कधी इथे नसताना तिच्या लॅपटॉपवर कोणी बसलं?”

“ती नसते कुठं? ऑगस्टात तिच्या खोलीत पानी आलं, तर नऊ दिवस माझ्याकडं झोपायला होती. नऊ ते सतरा. घरातनं हितं, हितनं घरात, छत्रीसुद्धा एकच. विनेश तेव्हा पडलेली कंपाउंडची भिंत उचलत होता भर पावसात. तू पन होतीस की, शिंकत.”

जागृतीला ते दिवस आठवत होते.

स्वराजकडे ती शेवटी गेली. तो हेडफोन न काढताच बोलला.

“बोला, इन्स्पेक्टरमॅडम.”

“ओहायोची पोस्टरं तुझा कोड वाचतो?”

“वाचतो.”

“दाखवशील?”

“आत्ता सीझन संपलाय, पोस्टरं काढून टाकली त्यांनी. काय दाखवू?” त्याने हेडफोन मानेवर घेतले. “हे बघा, दोन शक्यता. एक, वेळेचा घोळ. तिकडची रात्र ती इकडची सकाळ, त्यात तारखा सरकतात.”

“तारीख सरकली तर सामना एक दिवस पुढेमागे होईल. पाऊस कुठून येईल?”

स्वराजने हात झटकला. “मग दुसरी. पोरीला कंटाळा आला, तिने ठोकून दिलं. मी तर ऑगस्टमध्ये इथे नव्हतोही. घाटावर माणला सासरी होतो, मुलाच्या बारशाला. नऊ ते सतरा. तरी तिथून एकही दिवस काम चुकवलं नाही, विचारा विनेशदादाला.”

त्याने हेडफोन पुन्हा कानावर चढवले.

जागृती जागेवर येऊन बसली. पाऊस कुठल्या महिन्यात पडतो हे कोकणात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. त्यावरून माणूस सापडणार नव्हता. पण रोज सकाळी बसून खोटा पाऊस लिहिणारा माणूस आजचा दिवस ओला की कोरडा, हे कशावरून ठरवत असेल?

तिने मान वर केली. स्वराजच्या टेबलासमोरही खिडकी होती. निदाच्या, विनेशच्या, तिच्या स्वतःच्याही.

४

सरकार तालुकावार रोजचा पाऊस जाहीर करतं. शनिवारी सकाळी जागृतीने वीसेक ओळींचा कोड लिहिला. एका बाजूला नागाव ज्यात येतं त्या अलिबाग तालुक्याचे आकडे, दुसऱ्या बाजूला बारा गावांच्या नोंदी, जोडणी तारखेवर. क्लबांचं वेळापत्रक लावायला ती रोज जे करत होती तेच. फरक इतकाच, की या वेळी एक क्लब आकाशाचा होता.

अडतीसपैकी एकतीस सामने अशा दिवसांचे निघाले, ज्या दिवशी अलिबाग तालुक्यात साठ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता.

निदा तिच्या खांद्यामागून बघत होती. “म्हणजे खिडकीबाहेर बघायचं आणि ओहायोत पाऊस पाडायचा.”

“हो.”

“पण हा पाऊस मीही बघत होते, ताई.” तिचा आवाज खाली गेला. “यातही मी सुटत नाही.”

“अजून सात राहिले आहेत. तीन थोड्या कमी पावसाच्या दिवसांचे, चार भलतेच. आणि एक भोक आहे.”

तिने बोट ठेवलं. ऑगस्ट नऊ ते सतरा. अलिबागला शंभर, पंच्याऐंशी, एकशे चाळीस. भिंती पडल्या, निदाच्या खोलीत पाणी शिरलं. आणि त्याच दिवसांत ओहायो ठणठणीत कोरडं. आधी रोज नागावाबरोबर भिजणारी बारा गावं नवव्या तारखेला अचानक थांबली होती आणि अठराव्याला पुन्हा भिजू लागली होती.

जागृतीला आधी स्वतःच्या कोडाचाच संशय आला. तिने जोडणी तीनदा तपासली. भोक तिथेच होतं.

त्या भोकाच्या मधोमध एक दिवस होता, चौदा ऑगस्ट. त्या दिवशी अलिबागचा पाऊस थांबला होता, जेमतेम दोन मिलिमीटर. आणि नेमक्या त्याच दिवशी फाईलमध्ये चार सामने पावसाने धुऊन गेलेले.

“उलटं आहे,” निदा म्हणाली.

“उलटं नाही. आपण चुकीच्या खिडकीतून बघतो आहोत.”

तिने कोडातलं एक नाव बदललं. ‘अलिबाग’ पुसून दुसऱ्या तालुक्याचं नाव लिहिलं आणि चालवलं. नऊ आकडे एकाखाली एक आले. ते वाचून तिने लॅपटॉप मिटला आणि घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन.

“कागद कुठे आहे?” तिने विचारलं.

“माझ्याकडेच. तसाच कोरा.”

“तसाच राहू दे.”

५

चार वाजता विनेशने दार लोटून घेतलं. क्रांतीवहिनी जायला निघाली, तिला जागृतीने थांबवलं.

“तुम्हीही संशयित आहात. बसा.”

मग तिने सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, घाई केली नाही.

“नोंदी करणाऱ्याने सामने बघितले नाहीत. स्वतःच्या डोक्यावरचा पाऊस बघितला. जून-जुलैत तो माणूस नागावात होता, कारण नागाव भिजलं की ओहायो भिजत होतं. इथवर आपण पाचही जण सारखेच. पण नऊ ते सतरा ऑगस्ट इथे आभाळ फाटलं असताना ओहायो कोरडं राहिलं. त्या नऊ दिवसांत निदा क्रांतीवहिनींकडे होती. विनेशदादा भिंतीपाशी होते. मी इथे शिंकत होते. यांतला एकही माणूस त्या दिवसांत ‘आज पाऊस नाही’ असं लिहूच शकला नसता.”

विनेशने हळूच मान वळवली. स्वराज हसला.

“म्हणजे मी? पाऊस मोजून माणूस पकडणार? योगायोग आहे हा.”

“असू शकतो,” जागृती म्हणाली. “म्हणून मी माण तालुक्याचा पाऊस बघितला. नऊपैकी आठ दिवस शून्य. एक दिवस एक्केचाळीस मिलिमीटर.”

“कुठला दिवस?” विनेशने विचारलं.

“चौदा. इथे पाऊस थांबला होता, माणमध्ये पडला, आणि ओहायोतले चार सामने वाहून गेले. स्वराज, बारसं किती तारखेला होतं?”

उत्तर विनेशने दिलं.

“चौदाला. यानंच ग्रुपवर फोटो टाकलेला. मांडव पडलेला, बायका पाळना उचलून घरात पळतायत. खाली लिव्हलेलं, ‘दुष्काळी भागात जावई पाऊस घेऊन आला.’ मी अंगठा दिलेला त्याला.”

क्रांतीवहिनी फिसकन हसली आणि पदर तोंडाला लावला.

स्वराजचे खांदे खाली आले. “कोड पोस्टरं वाचायचा,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “पहिले पंधरा दिवस वाचली. मग त्यांनी अक्षरं बदलली, रंग बदलले, आणि सगळं बिघडलं. तोवर दादाने कंपनीला सांगून टाकलं होतं. मी कुठल्या तोंडाने सांगणार? मेअखेरपर्यंत सगळे सामने झाले असंच भरलं, पण तसंच चालू ठेवलं असतं तर कोणी बघितलंच नाही हे कळलं असतं. म्हणून थोडा पाऊस. कुठे ना कुठे पडलाच असेल ना?”

“आणि नाव माझं,” निदा म्हणाली.

“नाव आधीपासून होतं तिथे.”

“आणि काल? ‘सही कर, विषय संपव’? तेही आधीपासून होतं?”

स्वराजने समोरचा लॅपटॉप मिटला.

विनेशने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “ऐका. झालं ते झालं. निदा, तू सुटलीस. पन याचं नाव कंपनीला कळवलं तर कोड कुनाचा, ऑफिस कुनाचं, सगळं निघंल. आपन असं करू, तो तपासनाऱ्याचा रकानाच काढून टाकू. कुनाचंच नाव नको. तुझं पन न्हाय, याचं पन न्हाय.”

जागृती बोलणार होती, पण निदा आधीच उठली होती.

“नाही.”

“अगं, तुझं नाव पुसतोय मी! तुला काय पायजे अजून?”

“पुसायचंच नाही.” तिने सहीचा कागद घेतला, दोनदा फाडला आणि विनेशच्या हातावर ठेवला. “सहा महिने माझं नाव खोट्या ओळींपुढे होतं, तेव्हा कोणाला अडचण नव्हती. आता ते गुपचूप काढलंत तर कंपनी काय समजेल? पोरीने केलं, हाकलून दिली. त्या अडतीस ओळी ज्याने लिहिल्या त्याचं नाव त्यांच्यापुढे लागेल. आणि बाराच्या बारा गावांचे सगळे सामने मी पुन्हा तपासीन. तीनशे साठ. एकेका क्लबला फोन करून. त्या ओळींपुढे माझं नाव राहील.”

“आनि मी न्हाय म्हटलं तर?”

“तर कंपनीला मी लिहीन. जागृतीताईंचे आकडे जोडून.”

“मी जोडून देईन,” जागृती म्हणाली.

“मी टाईप करीन,” क्रांतीवहिनी म्हणाली. “कागद दिलात तर.”

विनेशने तिघींकडे पाहिलं. मग हातातले कागदाचे तुकडे खिशात घातले, आणि स्वराजला म्हणाला, “लिव्ह. तूच लिव्ह कंपनीला. मी वाचल्याबिगर पाठवू नको.”

६

पत्र त्याच दिवशी गेलं. कंपनीने दहा दिवस दिले. स्वराजने सोमवारी बारा गावांचे फोन नंबर शोधून यादी केली, निदाच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता गेला. तिने यादी घेतली. आभार मानले नाहीत.

संध्याकाळी सात म्हणजे तिकडे सकाळी साडेनऊ. निदाने पहिला नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. जागृती खुर्ची ओढून शेजारी बसली. क्रांतीवहिनीची घरी जायची वेळ टळून गेली होती, पण ती दारात चप्पल घालून तशीच उभी.

पलीकडे म्हातारी बाई बोलत होती, क्लबची तिकिटं विकणारी. निदाने इंग्रजीत विचारलं: अकरा एप्रिलचा तुमचा सामना झाला होता का?

नाही झाला, बाई म्हणाली.

“पावसामुळे?”

पलीकडे ती जोरात हसली. पाऊस कुठला, पोरी, ती म्हणाली. बर्फ पडलं होतं, गुडघ्याएवढं. मैदान कुठे आणि गाड्या लावायची जागा कुठे, ते कळेना.

निदाने जागृतीकडे पाहिलं. जागृतीच्या कोडात कारणांची यादी ठरलेली होती: पाऊस, अंधार, इतर. बर्फ नव्हतं. ते घालायचं तिच्याही कधी मनात आलं नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली, आणि यादीत चौथं कारण लिहून कोड पुन्हा चालवला.

“बर्फात खेळाय जातात व्हय हे?” क्रांतीवहिनी दारातून म्हणाली. “घरी बसा म्हनावं.”

निदाने ओळ भरली. तारीख, गाव, पुढे ढकलला, बर्फ. शेवटच्या रकान्यात तिने आपलं नाव स्वतःच्या हाताने टाइप केलं, आणि फोनवर ताटकळणाऱ्या बाईला विचारलं, “आणि बारा एप्रिलला?”